तिसरा महिना सरेपर्यंत

सगळ्यात आधी बदलतं ते नाक. पाळी चुकून आठवडा-दोन आठवडे झालेले असतात, अंगावर काही दिसत नसतं, पण शेजारच्या घरात तेलात हिंग पडला की इकडे पलंगावर पडलेल्या बाईच्या तोंडाला पाणी सुटतं. ते भुकेचं नसतं, उमाशाचं असतं. ज्या मोगऱ्याच्या गजऱ्यासाठी ती स्टेशनबाहेर आवर्जून थांबायची, तोच गजरा पुढच्या बाईच्या केसांत दिसला तरी मान फिरवते. नवऱ्याचा साबण, उघडलेला फ्रीज, कुकरमधून निघणारी भाताची वाफ, भिजवलेल्या कणकेचा ओलसर वास. घर तेच असतं, पण त्यात तिला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

माझी भाची डोंबिवलीत राहते. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आता नाही. त्यामुळे तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मीच जाऊन राहिले. डोहाळे कडक होते. सकाळी उलट्या, दुपारी कोरडे उमासे, संध्याकाळी ऑफिसातून आली की पुन्हा बेसिनपाशी. हा त्रास सकाळपुरता असतो असा आपल्याकडे समज आहे, पण तो घड्याळ पाळत नाही. दहातल्या सात-आठ जणींना तो थोडाफार होतोच. साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होतो, नवव्याच्या आसपास टोकाला जातो आणि बहुतेकींचा चौदाव्यापर्यंत ओसरतो. काहींना विसाव्यापर्यंत पुरतो. थोड्या जणी तर शेवटपर्यंत सोसतात.

आणि नेमक्या ह्याच आठवड्यांत आपण तिला सांगतो, ‘तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला बोलू नकोस.’

ह्या गप्प राहण्यामागची भीती मला कळते. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा-तेरा आठवड्यांतच होतात, आणि सांगितलेली बातमी परत घ्यावी लागणं फार जड जातं. पण ती भीती सांभाळताना बाई एकटी पडते. भाची रोज डोंबिवलीहून फास्ट लोकलनं भायखळ्याला जायची. पोट दिसत नाही, सांगायचं नाही, मग बसायला कोण देणार? दिव्यापासून कुर्ल्यापर्यंत वरच्या कडीला लोंबकळत, ओल्या छत्र्यांच्या आणि घामाच्या वासात, तोंडात लवंग धरून ती उभी राहायची. पर्समध्ये दोन प्लास्टिकच्या पिशव्या ठेवलेल्या. सातव्या महिन्यात आपण डोहाळजेवण करतो. हिरवी साडी नेसवतो, फुलांचे दागिने घालतो, झोपाळ्यावर बसवतो, हातात धनुष्यबाण देतो, पेढा का बर्फी म्हणून झाकलेल्या वाट्या पुढे करतो. मला तो सोहळा मनापासून आवडतो. पण तोवर ती व्यवस्थित जेवायला लागलेली असते. अन्नाचा घास ज्या दिवसांत खरोखर शत्रू वाटतो, त्या दिवसांसाठी आपल्याकडे ना ओटी आहे, ना गाणं.

माझ्या आईच्या वेळी तर बोलायचीच सोय नव्हती. एकत्र कुटुंब, सकाळी दोन परातीभर भाकऱ्या. भाकरी तव्यावर पडली की तिला भडभडून यायचं, म्हणून ती काहीतरी निमित्त काढून गोठ्यात जाऊन उभी राहायची. शेणाचा वास तिला चालायचा, भाजल्या पिठाचा नाही. आजी म्हणायची, ‘आम्हाला नाही बाई झालं असलं काही.’ त्यात दुष्टावा नव्हता, आजीला खरंच झालं नसावं. पण ते वाक्य आईनं साठी उलटल्यावरही माझ्यापाशी जसंच्या तसं बोलून दाखवलं होतं.

आईच्या त्या उमाशांना आज शास्त्राची साक्ष आहे. अमेरिकेतल्या मार्लेना फेझो या संशोधक बाईंना 1999 साली इतका भयंकर त्रास झाला की त्यात त्यांचं मूल गेलं. तुम्ही लक्ष वेधून घ्यायला हे करताय, असं त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना ऐकवलं होतं. त्यांनी आयुष्य ह्याच प्रश्नाला दिलं. डिसेंबर 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचं आणि केंब्रिजच्या स्टीफन ओ’राहिली यांच्या गटाचं काम प्रसिद्ध झालं. जीडीएफ15 नावाचं एक संप्रेरक गरोदरपणात मुख्यतः गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात उतरतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मळमळीच्या केंद्राला चेतवतं. दिवस जाण्याआधी ज्या बाईच्या रक्तात ते कमी असतं, तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला त्रास जास्त. थॅलेसेमियाच्या एका प्रकारात ते आधीपासूनच खूप असतं, आणि त्या स्त्रियांना मळमळ फारशी होत नाही. हे वाचलं तेव्हा आईची फार आठवण आली. तिला हे सांगता आलं असतं तर!

उपाय म्हणावेत असे उपाय थोडे आहेत आणि प्रत्येकीचे निराळे. भाचीच्या उशाशी स्टीलची एक छोटी डबी असायची, साळीच्या लाह्यांची. जाग आली की उठायचं नाही. पडल्या पडल्या एक लाही जिभेवर ठेवायची, ती विरघळू द्यायची, मग दुसरी. पाच-सात लाह्या पोटात गेल्या की कुशीवर वळायचं, थोड्या वेळानं उठून बसायचं, आणि त्यानंतर पाय जमिनीवर. मी दारातून बघत असायचे. डोळे मिटलेले, कपाळावर बारीक घाम, एक हात डबीत. रिकामं पोट हा ह्या मळमळीचा मोठा मित्र, म्हणून ते रिकामं राहू द्यायचं नाही आणि भरूही द्यायचं नाही. दर दोन तासांनी चार घास. कुणी लाह्यांऐवजी कोरडी चपाती खातं, कुणी खाखरा, कुणी चुरमुरे. पाणी जेवणाबरोबर नको, मधल्या वेळात घोट घोट. गार अन्नाला वास कमी येतो, म्हणून गरम वरण-भातापेक्षा गार दही-भात पोटात टिकतो. लिंबू नुसतं हुंगूनही काहींना बरं वाटतं. कोकमाचं सार भाचीला चालायचं, पण त्याला जिऱ्याची फोडणी दिली की संपलं.

आल्याचा मळमळीवर उपयोग होतो हे चाचण्यांतही दिसलं आहे, मात्र उलट्या थांबवण्यात त्याचा तेवढा जोर नाही. मी आलेपाक करून दिला होता. तो तिनं एक दिवस आवडीनं खाल्ला आणि पुढे त्याचं नाव काढू दिलं नाही. ह्या दिवसांत असंच असतं, काल चाललेलं आज चालत नाही. अशा वेळी ‘कालच तर मागितलं होतंस’ हे वाक्य घरातल्या कुणीही तोंडातून काढू नये. जावयाला एवढं एकच मी बजावलं. त्यानं ते पाळलं, शिवाय स्वतः अंघोळ बिनवासाच्या साबणानं करायला लागला.

फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवायची नाही. बाळाचा मणका आणि मेंदू घडतो तो ह्याच सुरुवातीच्या आठवड्यांत. लोहाच्या गोळीनं मळमळ वाढते, पण सरकारी कार्यक्रमातही ती चौथ्या महिन्यापासूनच असते, तेव्हा आधीच सुरू झालेली असेल तर डॉक्टरांना विचारायला संकोच नको. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटली तर तेही सांगावं. त्यामागे बऱ्याचदा रक्तातलं लोह कमी झालेलं असतं.

औषध घ्यायला बायका घाबरतात, आणि ह्या भीतीला इतिहास आहे. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी बाजारात आली. झोपेची म्हणून आली, गरोदरपणातल्या मळमळीलाही दिली गेली. 1961 च्या नोव्हेंबरात ती मागे घेईपर्यंत हात-पाय खुरटलेली हजारो बाळं जन्माला आली होती. जगभरातला आकडा दहा हजारांच्या वर जातो. अमेरिकेतल्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी यांनी कंपनीच्या तगाद्याला न जुमानता तिला परवानगी नाकारली, म्हणून तिथली असंख्य मुलं वाचली. पण त्या भीतीची झळ पुढे निर्दोष औषधालाही लागली. डॉक्सिलामाइन आणि ब6 जीवनसत्त्वाची गोळी अमेरिकेत खटल्यांच्या माऱ्यामुळे 1983 मध्ये कंपनीनंच बंद केली, आणि ती सुरक्षित असल्याचे ढीगभर पुरावे जमल्यावर 2013 मध्ये पुन्हा मान्यता मिळवून आली. आपल्याकडे डॉक्टर तीच सर्रास देतात. भाचीला त्यांनी ती रात्री झोपताना सुरू करून दिली. गोळी हातात घेऊन ती म्हणाली, ‘मावशी, बाळाला काही होणार नाही ना गं?’ मी तिला हा सगळा इतिहास सांगितला. तिनं शांतपणे ऐकला आणि गोळी घेतली.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायला हवी. उलट्या होणारच, असं म्हणता म्हणता हद्द कधी ओलांडली जाते ते कळत नाही. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी गडद होऊन आठ-आठ तास होतच नसेल, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा पन्नास किलोच्या बाईचं वजन अडीच किलोनं उतरलं असेल, तर घरगुती उपायांची वेळ गेलेली असते. उलटीत रक्त दिसलं, ताप आला, पोटात कळा आल्या, तर थांबायचंच नाही. सलाइन लावावं लागतं, आणि फार दिवसांच्या उलट्यांनी ब1 जीवनसत्त्व संपत आलेलं असतं, म्हणून ग्लुकोजच्या आधी तेही द्यावं लागतं. घरी बसून लिंबू हुंगणारी बाई ह्या वेळी वाचवता येते ती फक्त दवाखान्यात नेऊन.

बाकी त्रास लहान, पण दिवसभर सोबतीला असतात. छाती हात लावू देत नाही. संप्रेरकांमुळे अन्ननलिकेची खालची झडप सैलावते म्हणून जळजळ, आतडी संथावतात म्हणून पोट साफ नाही, मूत्रपिंडांकडे रक्त वाढतं म्हणून रात्री चार वेळा उठणं. आणि झोप! संध्याकाळी सातला ती चप्पलसुद्धा न काढता सोफ्यावर झोपलेली असायची. ह्या झोपेला आळस म्हणणाऱ्यांनी आठवावं की तिचं शरीर त्या वेळी एक अख्खी नवी वार तयार करत असतं.

नोकरदार बाईला ह्यासाठी रजा असू शकते, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानं बाळंतपणाच्या रजेखेरीज, गरोदरपणातून आलेल्या आजारपणासाठी एक महिन्यापर्यंतची पगारी रजा दिली. मात्र ती मागायची तर आधी सांगावं लागतं. आणि जिला ह्या कायद्याचा वाराही लागत नाही तिचं काय? बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला गेलेलं जोडपं एक कोयता म्हणून मोजलं जातं. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली, पहाटेच फडावर पोचायचं, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, आणि एक दिवस पडून राहिलं तर खाडा धरून पैसे कापायचे. नवव्या आठवड्यातली बाई त्या फडात वाकून उमासा गिळते आणि पुढचं कांडकं तोडते. तिच्यासाठी लाह्यांची डबी कोण भरणार, हा प्रश्न मला लाह्या भरताना रोज टोचायचा.

भाचीनं शेवटी तिसरा महिना सरायची वाट पाहिली नाही. उद्या काही वाईट झालंच, तर तेव्हाही माणसं लागतीलच की, असं मी तिला म्हटलं होतं. ते तिला पटलं. आधी साहेबांना सांगून तिनं वेळ बदलून घेतली, तासभर उशिराची. मग गाडीतल्या नेहमीच्या बायकांना सांगितलं. संध्याकाळी घरी आली ती पर्समधून एकेक वस्तू काढत: आवळासुपारीची पुडी, लिंबाच्या लोणच्याची इवलीशी बाटली, कुणाच्या तरी सासूबाईंनी दिलेला मोरावळा. कळव्याच्या काकूंना तिन्ही वेळा पाच महिने उलट्या होत्या, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. सातव्या महिन्यात डब्यात डोहाळजेवण करायचं, ओटी भरायची, हे ठाण्याच्या आतच ठरलं होतं. ‘पण ते पुढचं पुढे,’ त्या म्हणाल्या, ‘आत्ता तुला काय हवंय ते सांग.’

‘काय मागितलंस?’ मी विचारलं.

‘खिडकी,’ ती म्हणाली. ‘दिली त्यांनी. भायखळ्यापर्यंत.’