कडुनिंबाची काडी आणि निळी बाटली

बेळगावहून बागलकोट रस्त्याला लागून सांबरा ओलांडले की हवा हळूहळू बदलत जाते. खानापूरकडचा तांबड्या मातीचा, धो धो पावसाचा मुलूख पाठीमागे राहतो. नेसरगी गेली की काळी राने दिसू लागतात आणि यरगट्टीच्या आसपास बांधाबांधावर कडुनिंब आणि बाभूळ. दोन्ही कमी पावसाची झाडे. भूगोल शिकवण्याची सवय म्हणा, पण दर खेपेला मी खिडकीतून हा बदल पाहत बसते. माझ्या माहेरी शहापुरात पाडव्याला कडुनिंबाचा डहाळा बाजारातून विकत आणावा लागे. सासरी ते झाड अंगणातच उभे आहे.

यरगट्टीपलीकडच्या त्या गावी आम्ही गेल्या उगादीला गेलो होतो. माहेरचा पाडवा आणि सासरची उगादी एकच. आमच्याकडे कडुनिंब आणि गूळ, त्यांच्याकडे बेवु-बेल्ल. सणाच्या सकाळी मामंजी अंगणातल्या झाडाची काडी मोडून, तिचे टोक चावून कुंचल्यासारखे करून दात घासत बसले होते. पंचाहत्तरी ओलांडली तरी त्यांच्या बहुतेक दाढा शाबूत आहेत. मी बॅगेतून निळ्या पाण्याची बाटली काढली आणि आठ वर्षांच्या चिरंजीवांना झाकणभर देऊन चूळ भरायला लावली. मामंजी हसले. "येनव्वा, ई नीलि नीरु याक?" हे निळे पाणी कशाला? मी म्हटले, "मामा, यानं दात किडत नाहीत." त्यांनी काडी दाखवून मान हलवली. आम्हा दोघांचाही आपापल्या औषधावर पूर्ण विश्वास होता.

त्याच रात्री मुलाची दाढ ठणकू लागली.

दुपारी होळगी झाली होती, त्याआधी दोन दिवस नातवाच्या खिशात गुळाचे खडे होते. सासूबाईंनी लवंग ठेचून दाढेत धरायला दिली. अर्ध्या तासात तो झोपला. लवंगेतल्या युजेनॉलने नस बधिर होते, म्हणून हा उपाय खरा. दातांचे डॉक्टरही तात्पुरत्या भरणासाठी तेच वापरतात. पण दुखणे थांबते, कीड आहे तिथेच राहते.

दुसऱ्या दिवशी बेळगावात दवाखान्यात बसले तेव्हा मी निर्धास्त होते. म्हटले, "दुधाचीच दाढ आहे ना डॉक्टर, पडेल ती." त्यांनी आरसा धरून मला आत पाहायला लावले. "मॅडम, ही दुधाची नाही. ही कायमची."

तेव्हा कळले ते प्रत्येक घरी माहीत हवे. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, ती सर्वांत मागे गुपचूप उगवते. आईबापांना वाटते, मूल लहान आहे, म्हणजे सगळे दात दुधाचेच. त्यामुळे जन्मभर चावायची दाढ आपल्या दुर्लक्षाने किडते. आमच्या नशिबाने कीड नसेपर्यंत पोहोचली नव्हती. दाढ भरून वाचली.

मराठीत आपण दाताला कीड लागली म्हणतो. कन्नडात हुळुकु हल्लु. हुळ म्हणजे किडाच. दोन्ही भाषांनी दातात एक किडा कल्पिला आहे. प्रत्यक्षात तिथे किडा नसतो. दातांवर जमणाऱ्या चिकट थरात राहणारे सूक्ष्म जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. तोंडातली आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली (पीएच साडेपाचच्या खाली) की दाताच्या कवचातले खनिज विरघळू लागते. लाळ ते आम्ल धुऊन काढते, पण त्याला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दर थोड्या वेळाने गुळाचा खडा तोंडात गेला तर लाळेला ती सवडच मिळत नाही. आणि गूळ पौष्टिक असो नसो, जंतूंच्या दृष्टीने तो साखरच. गोकाकचे करदंट आणि बेळगावचा कुंदा यांनाही हाच न्याय. जेवणाबरोबर खावे, दिवसभर चघळू नये.

मग ही काडी आणि बाटली, यांचा उपयोग काय? डॉक्टरांना खूप प्रश्न विचारले, पुढे थोडे वाचनही केले. एके दिवशी रविवार पेठेत वाण्याच्या दुकानात ओवा घेत होते. वाण्याने चिमूटभर चोळून नाकाशी धरला आणि मला माझ्या निळ्या बाटलीचाच वास आला! घरी येऊन बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली. थायमॉल, निलगिरीतले युकॅलिप्टॉल, पुदिन्यातले मेन्थॉल. थायमॉल म्हणजे ओव्याच्या वासाचे मूळ. पहिल्या महायुद्धापूर्वी ते काढण्यासाठी भारतातला ओवा युरोपात जात असे. याच घटकांची लिस्टरिन ही चूळ 1879 साली अमेरिकेत निघाली, शस्त्रक्रियेतील जंतुनाशक म्हणून. ज्याला मी 'केमिकल' आणि मामंजी 'नीलि नीरु' म्हणत होतो, त्याची मुळे आमच्याच फोडणीच्या डब्यात होती.

तेव्हा वनस्पती की रसायन, हा प्रश्नच चुकीचा. विचारायचे ते हे, की किती दिवस वापरून काय मोजले?

त्रिफळा, कडुनिंब, तुळस यांच्या चुळांची तपासणी आपल्या देशातही बरीच झाली आहे. दातांवरचा थर, हिरड्यांतले रक्त आणि लाळेतले जंतू त्यांनी कमी होतात, असे पुष्कळदा दिसले आहे. सुश्रुताने कडू काड्यांत निंब आणि तुरट काड्यांत खैर श्रेष्ठ म्हटला, तो उगाच नव्हे. पण हे प्रयोग बहुधा थोड्या माणसांवर, काही आठवड्यांचे. कीड लागायला महिने, वर्षे लागतात. दोन-तीन वर्षे चूळ देऊन नव्याने किडलेले दात मोजले, असे वनस्पतींच्या बाबतीत तुरळकच घडले आहे.

आता रसायनाकडे पाहू. दवाखान्यात लिहून देतात ते क्लोरहेक्सिडीन हिरड्यांसाठी प्रभावी आहे. मात्र ते फार दिवस वापरले तर दात तपकिरी होतात, जिभेची चव बिघडते. आणि कीड टाळण्याच्या बाबतीत त्याचाही पुरावा कच्चाच. कीड खरोखर घटते ती फ्लोराइडच्या चुळीने. कॉक्रेन या संस्थेने 2016 साली 37 प्रयोग आणि पंधरा हजारांवर मुलांची माहिती एकत्र केली. देखरेखीखाली नियमित फ्लोराइडची चूळ भरणाऱ्या मुलांत दातांची कीड सरासरी 27 टक्के कमी दिसली. फ्लोराइड जंतूंना मारण्यापेक्षा विरघळलेले खनिज परत बसवायला मदत करते. माझ्या निळ्या बाटलीत ते नव्हतेच!

पण आपल्या भागात इथेही एक पथ्य आहे. याच रस्त्याने पुढे गेले की बागलकोट, विजापूर, गदग या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी कूपनलिकांच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे. दात घडण्याच्या वयात ते पोटात गेले तर दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम ही मर्यादा, दुसरे पाणीच नसेल तर दीड. म्हणून गावच्या पाण्याची तपासणी माहीत करून घ्यावी. सहा वर्षांखालच्या मुलाला कोणतीच चूळ देऊ नये, कारण ते गिळते. मोठ्या मुलालाही डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

आणखी एक सांगायलाच हवे. घरगुती ते सारे निरुपद्रवी नसते. आपल्याकडे कितीतरी आज्या अजून मिश्रीने दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात राखले जात नाहीत. हिरड्या खराब होतात, व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मामंजींच्या दाढा कशा टिकल्या, हे मी डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, काडीने रोज सावकाश घासणे होते, त्याचा वाटा आहेच. पण त्यांच्या लहानपणी गोड सणावारीच मिळत असेल, हेही विसरू नका. मामंजींना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग नातवाच्या खिशातला गुळाचा खडा काढून त्यांनी डब्यात ठेवला. म्हणाले, "ऊटद म्याल कोडतेन." जेवणानंतर देईन.

आता आमच्या घरी निळी बाटली नाही. सकाळ-रात्र फ्लोराइडची पेस्ट, रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. गावी गेलो की सकाळी अज्जाबरोबर कडुनिंबाची काडीही असते, ती मी अडवत नाही. वाचकहो, तुमच्या घरी सहा-सात वर्षांचे मूल असेल तर आज रात्री बॅटरी घेऊन त्याच्या दुधाच्या दाढांच्या मागे एकदा पाहा. तिथे कदाचित एक नवी दाढ आली असेल.