वहिनींचे समाधान

रायगडाच्या रोपवेसाठी हिरकणीवाडीत पर्यटकांची रीघ लागते, त्याच्या कितीतरी आधी वहिनी महाडची एस.टी. धरतात आणि तेथून पुढची गाडी. शेजारी विचारतात, तेव्हा ‘साखरेच्या गोळ्या आणायला’ असे उत्तर ठरलेले. खरे कारण घरात आम्हा तिघांनाच ठाऊक आहे. माझा भाऊ मुंबईत नोकरीला होता. २००५ साली तो गेला आणि नंतरच्या तपासणीत वहिनींना एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले.

शासनाने एआरटीची औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत देण्यास आरंभ केला होता. परंतु केंद्रे मोजकीच होती, आणि सीडी-४ पेशी बऱ्याच घटल्याखेरीज औषध सुरू होत नसे. २०१७ पासून मात्र निदान होताच उपचार मिळू लागले. आज वहिनी रोज एक गोळी घेतात आणि भातलावणीत माझ्याहून अधिक वेळ वाकून उभ्या राहतात. त्यांच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडू नये इतका कमी झाला आहे.

मागच्या खेपेला मी सोबत गेले होते. केंद्रात एका मुलीने अर्ज पुढे करून विचारले, “इथल्या सेवेबद्दल समाधानी आहात का?”

“हो, फार,” वहिनी तत्काळ म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मला राहवले नाही. “दोन तास पदर तोंडाला लावून बसलात. नाव मोठ्याने पुकारलं तेव्हा अंग चोरलंत. मग समाधान कसलं?”

“वन्सं, दात काढायला गेले होते तेव्हाचं विसरलात? कागद पाहिले नि खुर्चीवरून उठवलं मला. इथल्या समुपदेशक बाई हात हातात घेऊन बोलतात.”

तो दवाखाना कुठला, ते लिहीत नाही. लागणीच्या कारणावरून उपचार नाकारणे २०१७च्या कायद्याने निषिद्ध आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. वहिनींना तो ठाऊक नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हता. त्या मुलीच्या अर्जावर ‘समाधानी’पुढे जी खूण झाली, तिच्या तळाशी हा जुना अपमान होता. अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

“औषध वाडीजवळ मिळालं तर बरं ना?” मी विचारले.

“नको बाई! तिथं कुणी ना कुणी ओळखीचं भेटायचं.”

दोन गाड्यांचा प्रवास आणि दिवसाची बुडालेली मजुरी ही त्यांनी आपण होऊन मोजलेली किंमत आहे, हे मला तेव्हा उमगले.

गाडी सुटायला अवकाश होता. वहिनी पिशवीतील बाटलीत कापूस दाबून भरत होत्या, गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून. मग आपणच म्हणाल्या, “एक मात्र सांगायला हवं होतं त्या पोरीला. नावाऐवजी नंबर पुकारा म्हणावं.”

“चला, परत जाऊन सांगू.”

त्यांनी गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पिशवी उचलली.