आजोबांची हार्ट्स आणि जिताड्याचं कालवण

"डॉक्टर, मीठ पूर्णच बंद करू ना?" हा प्रश्न मला ओपीडीत रोज कोणीतरी विचारतं. अँजिओप्लास्टी झालेले, बीपीच्या गोळ्या चालू असलेले, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त वेळा त्यांची मुलं. पूर्वी मी "जितकं कमी तितकं बरं" असं म्हणून पुढचा पेशंट बोलवायचो. आता तसं म्हणत नाही. का, ते थोडं सविस्तर सांगतो. त्यात माझी चूक आहे आणि माझ्या मुलीचा एक व्हिडिओ गेमही आहे.

आम्ही आगरी. बाबांचं तरुणपण उरणकडच्या मिठागरांवर गेलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत आटवत न्यायचं, उन्हाळाभर मीठ ओढायचं आणि पाऊस यायच्या आत ते झाकायचं. 'आगरी' हा शब्दच मिठाच्या आगरावरून आला, असं आमच्याकडे सांगतात. अशा माणसाला वयाच्या 76 व्या वर्षी हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, पण हृदयाचा मोठा भाग अशक्त झाला. इकोच्या रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन लिहिलं होतं 35 टक्के.

हा आकडा बघून अनेक नातेवाईक घाबरतात, म्हणून इथे थांबून सांगतो. 35 टक्के म्हणजे हृदय शंभरातलं पस्तीसच उरलं, असं नाही. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं किती एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं, त्याचं हे प्रमाण. धडधाकट माणसातही ते शंभर नसतं, साधारण 55 ते 70 असतं. पस्तीस म्हणजे पंप बराच कमजोर आहे, पण काम करतोय.

कमजोर पंपाला मिठाचा त्रास का होतो? मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. वाढलेलं पाणी पंपाला झेपत नाही, मग ते पायांवर सुजेच्या रूपाने दिसतं, फुप्फुसात साठतं आणि रात्री आडवं झालं की दम लागतो. म्हणून मीठ कमी करायचं, हे बरोबरच. पण मी कमी केलं नाही, बंद केलं. लोणचं, पापड, खारा बांगडा, सुकट, सगळं घरातून गेलं. त्यांच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा डबा. पेज, अळणी वरण, उकडलेली भाजी. बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "आगऱ्याचा मुलगा तू, आणि मलाच मीठ बंद करतोस?" मी हसण्यावारी नेलं.

पुढची चूक जास्त गंभीर होती. त्यांचं वजन 58 किलोवरून कमी व्हायला लागलं, आणि मला आनंद झाला! हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं वजन उतरणं म्हणजे साठलेलं पाणी निघून जाणं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पाणी पहिल्या दोन आठवड्यांतच गेलं होतं. त्यानंतरही काटा उतरतच राहिला आणि पाच महिन्यांत 52 वर आला. ते स्नायू जात होते. शर्टाची कॉलर सैल झाली, कानशिलं खोल गेली, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागायला लागला. परक्या पेशंटमध्ये मी हे पाच मिनिटांत ओळखलं असतं. घरच्या माणसाला रोज बघतो म्हणून दिसलं नाही.

आता गेमबद्दल. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा निन्टेन्डोचा 2017 सालचा गेम ती परीक्षा संपल्यापासून खेळत होती. त्याचा नायक लिंक. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात त्याची लाल हार्ट्स दिसतात, सुरुवातीला फक्त तीन. मार खाल्ला की हार्ट्स रिकामी होतात आणि ती भरायची तर जेवायचं. रानात फळं, अळंबी, मासे, मांस गोळा करायचं, चुलीवरच्या कढईत एका वेळी जास्तीत जास्त पाच जिन्नस टाकायचे, ते उड्या मारत शिजतात आणि पदार्थ तयार. जुळवाजुळव पूर्ण फसली तरी जो बघवत नाही असा पदार्थ होतो, त्यानेही एखादं हार्ट भरतंच. इतकं उदार स्वयंपाकघर मी दुसरं पाहिलेलं नाही.

एका रविवारी तिने विचारलं, "आजोबांची किती हार्ट्स उरलीत?" मी इकोचं गणित समजावायला लागलो. ते तिने अर्ध्यातच तोडलं. "पण ते जेवतच नाहीत. मग भरणार कशी?"

मला उत्तर सुचलं नाही.

त्या गेमच्या सुरुवातीला एक म्हातारा भेटतो. त्याची मांस, मासा आणि तिखट मिरचीची आवडती डिश असते, पण तिची कृती त्याला पूर्ण आठवत नाही. आपण ती शोधून, शिजवून त्याला दिली की तो थंडीसाठी उबदार अंगरखा देतो. मुलीने ठरवलं, हीच डिश आजोबांसाठी करायची. गेममध्ये त्यात 'बास' मासा लागतो. इंग्रजीत ज्याला आशियाई सी बास म्हणतात तो मासा म्हणजे आपला जिताडा, हे मी तिला सांगितलं, आणि तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती सांगता येणार नाही. उरण, पेण, पनवेलकडच्या माणसाला जिताडा काय आहे हे सांगायची गरज नसते. आषाढ चालू होता. बेलापूरच्या दिवाळे गावातून सकाळीच मासा आणला.

वाटेत एका झाडाखाली उगवलेल्या छत्र्या बघून तिने "या पण घेऊया, लिंक घेतो," असं सुचवलं. पावसाळ्यात हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतो, त्या घ्यायच्या नाहीत. काही विषारी छत्र्या शिजवूनही विषारीच राहतात. उलट्या-जुलाब सहा-बारा तासांनी सुरू होतात, मग थांबून बरं वाटतं आणि त्यानंतर यकृत निकामी व्हायला लागतं. बरं वाटलं म्हणून घरी थांबलेले रुग्ण उशिरा पोचतात. अळंबी हवीच असेल तर लागवडीची, दुकानातली.

कोंबडी आणि मासा एकाच कालवणात, हे ऐकून बाबा पहिल्यांदा कित्येक महिन्यांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "असं कोणी करतं का?" मग खुर्ची मागवली आणि बसल्या जागेवरून हुकूम सुरू. लसूण जास्त घे. खोबरं थोडंच भाज. कोंबडी आधी अर्धी शिजू दे, जिताडा शेवटी सोड, ढवळू नको, पातेलं हलव. चिंच घातली आणि एक कैरीची फोड. कोकम टाळलं, कारण वाळवताना त्याला मीठ लावलेलं असतं, आगळात तर भरपूर असतं.

मिठाचा प्रश्न आलाच. मोजायचा सपाट चमचा घेतला. एक सपाट चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात त्याहून कमी खायला सांगते. आयसीएमआरच्या पाहणीत भारतीय माणूस सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास खातो असं दिसलं आहे. आम्ही चौघांच्या कालवणात अर्धा चमचा घातला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहाशे-सातशे मिलिग्रॅम. भातात काही नाही. बाबा म्हणाले, "अगदी शेवटी घाल, वरून." आधी घातलेलं मीठ मासा-मांसात आत मुरतं, शेवटचं रश्श्यात राहतं आणि जिभेला लगेच लागतं. आंबटपणा, तिखट आणि लसूण उरलेली उणीव भरून काढतात. हे मी पेशंटना छापील कागदावर देत होतो, पण घरी कधी करून बघितलं नव्हतं. वयानुसार वास आणि चव दोन्ही मंदावतात, त्यात अळणी जेवण म्हणजे ओला कागद चावण्यासारखं असतं.

बाबा सगळ्यांबरोबर एकाच पातेल्यातलं जेवले. जिताड्याच्या दोन तुकड्या, कोंबडीची एक, आणि भात पुन्हा मागून घेतला. "कोंबडी फुकट घातली," एवढाच शेरा.

जेवण झाल्यावर मी हिशोब केला आणि लाज वाटली. त्यांच्या वयाला किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. मी देत होतो त्या पेजेच्या वाटीत दोन-तीन ग्रॅम असतील. शंभर ग्रॅम माशात वीसच्या आसपास असतात. (किडनीचा विकार असेल तर हा हिशोब बदलतो, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.)

आणि इतकी कडक मीठबंदी करून मी काय मिळवलं होतं? 2022 साली 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आला. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना सोडियम रोज 1500 मिलिग्रॅमच्या खाली न्यायला सांगितलं, पण नेहमीच्या सल्ल्याच्या तुलनेत मृत्यू किंवा इस्पितळात भरती व्हायचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. याचा अर्थ लोणच्याची बरणी उघडा असा होत नाही. त्या रुग्णांचं मीठ मुळात आपल्याइतकं जास्त नव्हतंच. आपल्याला आठवरून पाचच्या खाली यायचंय, आणि येताना माणूस उपाशी राहता कामा नये.

सैंधव घेऊन हे जमत नाही. तेही सोडियमच, आयोडीन मात्र नसतं. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, ते टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्यांबरोबर किंवा किडनी कमजोर असताना धोक्याचं ठरू शकतं. विचारल्याशिवाय घेऊ नका.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर वजन रोज सकाळी, लघवीनंतर, त्याच काट्यावर करा आणि लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, लगेच कळवा. सूज नसताना महिन्यामागून महिना उतरत असेल तर तेही तितक्याच तातडीने कळवा. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला लावा, जवळ उभे राहून. 15 सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर स्नायू कमी झालेत असं समजून डॉक्टरांशी बोला. बाबांना त्या आठवड्यात 21 लागले होते. आता 16 लागतात आणि वजन 54 झालंय.

वेगळं पातेलं आम्ही मोडीत काढलं. घरातल्या सगळ्यांचंच मीठ कमी झालं, माझं बीपी धरून. मुलीने त्या रात्री आजोबांकडे गेममधल्यासारखा अंगरखा मागितला, तर त्यांनी कपाटातलं जुनं स्वेटर काढून दिलं. ते तिच्या गुडघ्यापर्यंत येतं आणि नवी मुंबईच्या दमट हवेत ती ते घालून खेळत बसते. बाबा सध्या दर रविवारी खाऱ्या बांगड्याच्या एका तुकडीसाठी माझ्याशी घासाघीस करतात. मी पाण्यात भिजवून, पाणी टाकून, महिन्यातून एकदा, इथपर्यंत आलोय. ते दोनदा म्हणतायत.