सोल्यांची आमटी

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, वर्धा नदीच्या काठी आमचा नरखेड तालुका आहे. काळ्या मातीतला कापूस आणि विहिरीच्या पाण्यावर पोसलेली संत्री ही येथील मुख्य पिके. दिवाळीनंतर ही दोन्ही पिके शेतकऱ्याला एकाच वेळी हाक मारतात. इकडे आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात, तर तिकडे फुटलेल्या कापसाने शेत पांढरे झालेले असते. वेचणीला उशीर झाला, तर वाऱ्याने कापूस मातीत पडतो आणि अवकाळी पाऊस त्याचा रंग घालवितो. म्हणून या दिवसांत घरातली लहानथोर माणसे शेतात असतात आणि चूल संध्याकाळपर्यंत थंड असते.

याच सुमारास कपाशीच्या ओळींमधली तूर हिरव्या शेंगांनी लवते. शेंगांतील कोवळ्या दाण्यांना आमच्याकडे ‘सोले’ म्हणतात. सोल्यांची दाट, गरम आमटी आणि तिच्यात कुस्करलेली ज्वारीची भाकर ही आमच्या हिवाळ्याची मेजवानी होय. तुरीशी या प्रदेशाची ओळख फार जुनी आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तुळजापूर गढी येथील उत्खननात ३,००० हून अधिक वर्षांपूर्वीचे तुरीचे दाणे सापडले आहेत. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणे असते, ते तूर भरून काढते, असे आहारशास्त्र सांगते. कष्टकरी माणसाने हे शास्त्र वाचले नव्हते. परंतु भाकरीची आणि तुरीची जोडी त्याने कधी मोडली नाही.

ही मेजवानी मात्र आयती मिळत नाही. टोपलीभर शेंगा सोलाव्या, तेव्हा कोठे गंजाचा तळ झाकतो. वेचणी करणाऱ्याची बोटे बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी ओरखडलेली असतात. अशा बोटांनी शेंगा सोलायच्या, म्हणजे प्रत्येक शेंग बोचते. माझ्या लहानपणी आमच्या घरी हे काम आईकडे असे. तीही दिवसभर वेचणी करी. पण घरी आल्यावर आम्ही ओसरीवर टेकत असू आणि ती टोपली घेऊन चुलीपुढे बसे.

एका पौषात आई तापाने अंथरुणाला खिळली. त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, “आज ठेचा-भाकरीवर भागवू.”

आजीला डोळ्यांनी फारसे दिसत नसे. भिंतीला टेकून बसलेली ती म्हणाली, “तुझे भागेल रे, पण तापकऱ्याच्या तोंडाला चव कशी यायची? तिने इतकी वर्षे थकल्या अंगाने सर्वांना रांधून वाढले. आण ती टोपली, आणि सारे बसा.”

बाबा मुकाट्याने बसले. आम्ही भावंडेही बसलो. सोलता सोलता दिवसाच्या गोष्टी निघाल्या आणि टोपली केव्हा रिती झाली, ते कळले नाही. मग आजी बसल्या जागेवरून सांगू लागली. बाबांनी सोले थोड्या तेलावर परतले. मूठभर सोले अख्खे ठेवून उरलेले लसूण, जिरे, सांभार आणि बेताच्या मिरचीबरोबर पाट्यावर भरड वाटले. फोडणीत कांदा लाल झाला, तसे वाटण पडले.

“पाणी घालू का?” बाबांनी विचारले.

“अजून हिरवा वास येतो आहे. थांब.” आजीचे नाकच तिचे डोळे झाले होते. वाटणाला तेल सुटले, खमंग वास घरभर पसरला, तेव्हा ती म्हणाली, “आता आधणाचे पाणी घाल, हळद-मीठ टाक, अख्खे सोले सोड आणि मंद आचेवर उकळू दे.”

पहिली वाटी आईला दिली. दोन दिवस तिने अन्नाला स्पर्श केला नव्हता. तिने घोट घेतला, बाबांकडे पाहिले आणि हळूच विचारले, “शेंगा कोणी सोलल्या?”

“सर्वांनी,” आजी म्हणाली. “आणि आता जो जेवील, तो सोलील.”

चार दिवसांनी आई बरी झाली. पळी पुन्हा तिच्या हाती गेली. पण शेंगांची टोपली मात्र त्यानंतर कधी एकट्या तिच्यापुढे राहिली नाही.