सहा रांजण

वैशाखातल्या उन्हाला कुणी नावे ठेवली की आजी रागवायची. "ऊन नको, तर पावसात खाणार काय?" असे विचारायची. साकीनाक्याजवळच्या आमच्या गावठाणात ते ऊन जणू घरचा गडीच होते. मिरच्या, हळकुंडे, धणे, मीठ लावलेले मासे सारे अंगणात पसरलेले असे, आणि मी काठी घेऊन कोंबड्यांवर पहारा करीत बसे.

आम्ही ईस्ट इंडियन. हे इंग्रजी नाव आमच्या समाजाने घेतले १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी. त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही इथले ख्रिस्ती, इथलेच शेतकरी. घरात मराठी, आजीच्या अंगावर लुगडे, गळ्यात क्रूस, आणि गावठाणामागे भाताचे शेत. शेताच्या कडेला विहीर. तिच्या पाण्यावर उन्हाळ्यात भेंडी नि दुधी निघत.

मी सांगते आहे ती सुट्टी १९६९ सालची. मी बारा वर्षांची होते. सकाळी मसाल्याचे काम चाले. मिरच्या, तीळ, खसखस, नागकेशर, तिरफळ, शिवाय गहू नि चणेही. एकेक जिन्नस मातीच्या भांड्यात वेगळा भाजायचा. मग दोघी-दोघी बायका उखळात आळीपाळीने मुसळ घालीत. एकीचे मुसळ वर, तर दुसरीचे खाली. ताल कधी चुकत नसे. सारी आळी शिंकत असे! तो मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. म्हणूनच त्याचे नाव बाटलीचा मसाला. उन्हे कलली की विहिरीवरून कळशा आणून भाजीला पाणी. मग क्रूसापुढे रोझरी. आणि रोझरीनंतर माझी पाळी.

आजीला अक्षरओळख नव्हती. पपांनी शांताराम बंडेलूंनी देवनागरीत आणलेले, पुण्यात १९५६ साली निघालेले 'ख्रिस्तपुराण' विकत घेतले होते. कंदिलाजवळ बसून ते मी तिला वाचून दाखवायचे, असा दंडक होता. फादर स्टीफन्स हा इंग्रज माणूस १५७९ साली गोव्यात उतरला, आपली भाषा शिकला आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे पुराण त्याने रचले. ते छापून झाले १६१६ साली. आमच्या मरोळचे जुने देऊळही १५७९ चेच. १८४० च्या सुमारास साथ आली, लोकांनी ते सोडले. त्याचे भग्न अवशेष आता सीप्झच्या कुंपणात आहेत.

तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी कॉन्व्हेंटात शिकणारी. त्या जुन्या मराठीत माझी जीभ अडखळे. आजी मात्र जात्यावरच्या ओव्यांवर वाढलेली. मी अडले की तिचा हात मांडीवर ठेका धरी आणि त्या ठेक्याने ओळ आपोआप पुढे सरके.

एके रात्री बाहेर मुले खेळत होती. काना गावचे लग्न वाचताना मी हळूच पाने उलटली आणि एकदम पाण्याच्या वाइनवर आले.

"थांब," आजी म्हणाली. "पाणी भरलं कोणी?"

मी गप्प.

"सहा रांजण होते ना? दगडी. ते काय आपोआप भरले? मागं जा."

मी मुकाट्याने मागे गेले. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणतात. ते आणल्याशिवाय लग्न उभे राहत नाही. ज्या बाईने जन्मभर पाणी वाहिले, तिला रांजण गाळून कसे चालेल? शुभवर्तमानात आहे, की वाइन कुठून आली हे मेजवानीच्या कारभाऱ्याला कळले नाही. पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होते. ते ऐकून आजी हसली. "त्यांनाच ठाऊक असणार," म्हणाली.

त्याच सुट्टीत घरात शेताची बोलणी चालली होती. कारखान्यासाठी जागा हवी होती. "आय, पोरं शिकतील," पपा पुन्हा पुन्हा म्हणत. जून लागण्यापूर्वी कागद आले. आजीने अंगठा उठवला, बोटाची शाई पदराला पुसली आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली. भाजी अजून उभी होती. त्या रात्री मी पुस्तक काढले, तर म्हणाली, "आता पुढच्या उन्हाळ्यात." पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही.

त्या पैशांवर मी बी.ए. झाले. जी विहीर बुजली, तिच्या पाण्यावर माझे शिक्षण झाले, हे समजायला मला फार वर्षे लागली. पपांना मी दोष देत नाही. त्यांचे म्हणणे खोटे ठरले नाही, त्याचा पुरावा मीच आहे.

२०१४ पासून साकीनाक्यावरून मेट्रो धावते. अंगण उरले नाही. मसाला गच्चीवर वाळतो, चक्कीवर दळून येतो. या मे महिन्यात मिरच्यांची राखण करीत मी ते जुने पुस्तक पुन्हा उघडले. नात शेजारी मोबाइल घेऊन बसली होती. मी मोठ्याने वाचू लागले. कानाच्या लग्नापाशी आले तेव्हा एकही ओवी गाळली नाही. सहाही रांजण काठोकाठ भरले, मगच पान उलटले.