आवाजाची वाट

घरात एखादे नवे यंत्र आले की घरातल्या माणसांचे आपोआप तीन पक्ष पडतात. पहिला बटणे दाबणारांचा, दुसरा माहितीपत्रक वाचणारांचा आणि तिसरा खुर्चीत बसून सल्ला देणारांचा. हा तिसरा पक्ष संख्येने नेहमीच मोठा, आणि मी त्याचा जुना, निष्ठावंत सभासद. गेल्या श्रावणात आमच्याकडे ‘ऑडिओ इंटरफेस’ नावाची पेटी आली तेव्हाही हे पक्ष पडलेच. मात्र या खेपेला यंत्र नुसत्या हौसेचे नव्हते, आणि हाताशी दिवसही थोडे होते.

त्याचे असे झाले. माझ्या आत्याला ८६ वे वर्ष लागले. जात्यावरच्या ओव्या तिला तिच्या आईकडून आल्या. किती, ते तिने कधी मोजले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्याचे माझ्या मुलीने, मंजूने, कुठेसे वाचले आणि विचारले, “बाबा, आत्याआजीच्या ओव्या कोणी लिहून घेतल्यात का हो?” कोणीच घेतल्या नव्हत्या. आत्या तीन आठवडे राहायला यायची होती. मंजूने शिकवणीच्या पैशांतून पेटी, एक मायक्रोफोन आणि हेडफोन आणला.

पेटी दिसायला पानाच्या डब्याएवढी. तिचे काम असे : मायक्रोफोनकडून येणारा अगदी क्षीण विद्युत्प्रवाह मोठा करायचा, सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचा आणि ते आकडे संगणकाच्या हवाली करायचे. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि कंपन नीट पकडायचे तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावे लागते, म्हणून हा हिशेब.

पहिल्या संध्याकाळी आत्या पाटावर बसली. खुंट्याशिवाय तिला ओवी आठवेना, म्हणून हिने तिच्या हाती एक लाटणे उभे धरून दिले. आत्या दहा मिनिटे गायली. संगणकाच्या पडद्यावर मात्र आखल्यासारखी सरळ रेघ! आत्याने ती पाहिली आणि हळूच म्हणाली, “राहू दे ग पोरी. गळाच उरला नाही, तर यंत्राला काय मिळणार?”

मला ते वाक्य लागले. मी ताबडतोब पेटी परत करण्याचा सल्ला दिला. मंजूने तो नेहमीप्रमाणे ऐकून सोडून दिला आणि म्हणाली, “आजी, आवाज तुमच्या तोंडून निघून माझ्या कानापर्यंत येतो ना? मग ती वाट आपण पायी चालू. जिथे अडेल तिथे थांबू.”

आणि ती खरोखरच एकेक पाऊल टाकीत गेली. बोलताना पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला हवा. तो लुकलुकत नव्हता. म्हणजे बिघाड पेटीच्या अलीकडचा. तिने आधी तार बदलून पाहिली, फरक नाही. मग पत्रक उघडले. आमचा मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा निघाला. त्याला स्वतःला वीज लागते, ती ४८ व्होल्टची, आणि ती पेटीच त्याच तारेतून पुरवते. पण त्यासाठी वेगळे बटण दाबावे लागते. मंजूने आवाज वाढवायची चकती खाली आणली, बटण दाबले, चकती पुन्हा हळूहळू चढवली. दिवा लुकलुकला. आत्याच्या चेहऱ्यावरही काहीतरी लुकलुकले.

एवढ्याने संपले असते तर काय हवे होते! पडद्यावर रेघ हलू लागली, पण आवाज यायचा तो विहिरीत उतरून बोलल्यासारखा. मंजूने मायक्रोफोनवर बोटाने टकटक केली. रेघ जेमतेम हलली. मग संगणकाच्या कडेवर टकटक केली. रेघ ताडकन उडाली. संगणक आपला स्वतःचा इवलासा मायक्रोफोन ऐकत बसला होता, पेटीकडे त्याचे लक्षच नव्हते! ध्वनीच्या यादीत पेटीचे नाव निवडल्यावर विहीर आटली.

दुसऱ्या दिवशी आत्या रंगात आली. माहेरच्या ओवीला तिने वरचा स्वर लावला आणि पेटीवरचा दिवा लाल झाला. आवाज मापाबाहेर गेला की त्याचे शेंडे छाटले जातात आणि ते कोणालाही परत जोडता येत नाहीत. म्हणून मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी चकती तिने लावून ठेवली. वर थोडी मोकळी जागा असलेली बरी. मग ऐकताना घरघर निघाली. “जाते कुणी चालू केले?” आत्याने विचारले. ही घरघर विजेची होती, सेकंदाला ५० आवर्तनांची. संगणकाच्या चार्जरची तार काढताच ती थांबली. तेव्हापासून ध्वनिमुद्रण बॅटरीवर.

तिसरी अडचण आत्याला सर्वांत जाचली. हेडफोन घातला की तिचाच आवाज तिला किंचित मागाहून ऐकू येई. “मागून कोणीतरी वाकुल्या दाखवतंय ग,” ती म्हणाली आणि ओवी तुटली. कारण असे की संगणक आकडे गठ्ठे बांधून उचलतो. आमचा गठ्ठा १,०२४ आकड्यांचा होता. तो भरायलाच २३ मिलिसेकंद लागतात, आणि येताना-जाताना दोन्हीकडे हा उशीर. मंजूने गठ्ठा १२८ चा केला. शिवाय पेटीवर एक बटण आहे, ते दाबले की आवाज संगणकाला वळसा न घालता सरळ कानात येतो. वाकुल्या बंद झाल्या.

आणि मग चौथ्या दिवशी ती गंमत झाली. आदल्या दिवशी टिपलेला आवाज लावला, तर १२ मिनिटांचे गाणे ११ मिनिटांत संपले, आणि आवाज चढा, पातळ, कोवळा. मंजूला कारण लगेच सापडले. मुद्रण ४४,१०० च्या मापाने झाले होते आणि रात्रीतून संगणकाचे माप ४८,००० वर गेले होते. ती माप बदलणार, इतक्यात आत्याने तिचा हात धरला.

“थांब. ही मी नाही. ही माझी आई.”

आजी चाळिशीच्या आतच गेलेली. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कुठे टिपलेलाही नव्हता. आम्ही तिघेही न बोलता ती ११ मिनिटे पुन्हा ऐकत बसलो. मी म्हणालो, “मंजू, हे असेच ठेव.” या वेळी माझ्या सल्ल्याला हिचाही पाठिंबा होता. मंजू गप्प राहिली. तिच्या मते तो बिघाड होता, पण ते बोलून दाखवण्याचा धीर तिला होईना.

निकाल आत्यानेच दिला. “नीट कर,” ती म्हणाली. “आईचा गळा आईबरोबर गेला. मला तिने ओव्या दिल्या. उद्या तुझ्या पोरांनी ऐकल्या, तर त्यांना आत्याआजी कळली पाहिजे, भलतीच कोणी नको.”

मंजूने संगणक आणि मुद्रण दोन्ही एका मापावर आणली. आत्याचा खरा आवाज खोलीत आला : जाडसर, मधेच धापणारा, आणि तरीही सुरात.

१९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गने गौहरजानचे गाणे टिपले, तेव्हा भोंग्यासमोर गायचे आणि सुमारे तीन मिनिटांत आटोपायचे, असा मामला होता. तबकड्या हॅनोव्हरला घडवल्या जात, म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव पुकारी. मंजूने ही हकीकत सांगितल्यावर आत्यानेही प्रत्येक बैठकीच्या शेवटी आपले नाव, गावाचे नाव आणि आईचे नाव सांगायचा नेम धरला.

तीन आठवड्यांत १४३ ओव्या झाल्या. त्यांच्या तीन प्रती केल्या : एक आमच्याकडे, एक आत्याच्या मुलाकडे आणि एक मंजूच्या मामाकडे, दुसऱ्या गावी. पेटी अजून कपाटावर तशीच जोडलेली आहे. तिच्या तारांना हात लावायची मला सक्त मनाई आहे. परवा आत्याचा फोन आला. भाऊबिजेला येते आहे म्हणाली. आणखी ११ आठवल्या आहेत.