ताक कळकले तेव्हा

“ताक कळकलंय,” मी भांडे खाली ठेवीत म्हणालो.

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. ही बिरड्याचे वाल सोलीत बसली होती. मान वरही न करता तिने विचारले, “स्टीलच्या पातेल्यात?”

माझी चांगलीच पंचाईत झाली. कळकलेल्या ताकाची चव मला लहानपणापासून ओळखीची. घरात सगळी भांडी पितळेची. कल्हईवाला यायला उशीर झाला की ताक, आमटी हमखास कळकायची आणि आजी ती मुकाट्याने मोरीत ओतायची. तांब्याचा पैसा जिभेवर धरावा तशी ती चव. पण आमच्या घरातून पितळ जाऊन चाळीस वर्षे झाली. कल्हई नाही, कल्हईवाला नाही, आणि ताक मात्र कळकलेले!

हिने एक घोट घेतला आणि निकाल दिला, “ताक छान आहे. तोंड तुमचं कळकलंय.”

तो निकाल शब्दशः खरा निघाला. आषाढात मला मधुमेह असल्याचे कळले होते आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांना ताकाची हकिकत सांगितली तेव्हा ते हसले. म्हणाले, “हे औषध थोडंसं लाळेत उतरतं. काहींच्या तोंडाला त्यानं धातूची चव येते. बहुतेकांची हळूहळू जाते. जेवणाबरोबर घेत चला; पण मला विचारल्याशिवाय बंद करू नका.” फ्रान्समध्ये 1957 साली ज्याँ स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेहावर वापरून दाखवलेले हे औषध. त्याचे मूळ गॅलेगा नावाच्या एका रानझुडपाच्या गुणांत सापडते. एवढ्या जुन्या, जगभर खपणाऱ्या औषधाने आमच्या ताकाची बदनामी करावी, याची मला गंमत वाटली.

पण डॉक्टरांचे पुढचे वाक्य ऐकून माझे हसू मावळले. “गोड कमी लागतं, असं आधी कधी जाणवलं होतं का? रक्तातली साखर वाढलेली असली की काहींच्या जिभेला गोडाची जाण कमी होते. तोंडाला कोरड पडते, तिचाही परिणाम होतो; वयाचा हात असतोच. साखर आटोक्यात आली की पुष्कळदा चव सुधारते.”

मी “नाही” म्हणालो आणि घरी येईपर्यंत गप्प होतो. कारण मला दोन दिवाळ्या आठवल्या होत्या.

पहिल्या दिवाळीत करंजी तोंडात टाकून मी म्हणालो होतो, “यंदा सारण अळणी झालंय.” पुढच्या वर्षी हिने पिठीसाखर वाढवली, मी तरी तेच म्हणालो. नातवाने मात्र करंजी अर्धी टाकली. “आजी, फार गोड आहे गं!” शेजारच्या वहिनींनीही आढेवेढे घेत उरलेली अर्धी बशीतच ठेवली. त्या रात्री फराळाचे डबे लावताना ही स्वतःशीच म्हणाली, “माझा हातच गेला.”

जन्मभर जिने खोबरे, खसखस, साखर नुसत्या अंदाजाने घातली, तिने त्यानंतर मापाची वाटी आणली. चहालासुद्धा साखर मोजून घालू लागली. ते पाहूनही मला काही वाटले नव्हते. स्वतःच्या जिभेवर संशय घ्यायचे माणसाला सुचत नाही. बायकोच्या हातावर मात्र चटकन घेता येतो.

पुढे चरकसंहितेचे भाषांतर चाळताना प्रमेहाची पूर्वलक्षणे वाचली: तोंडाला गोडी येणे, टाळू कोरडी पडणे, हातापायांची आग, लघवीला मुंग्या लागणे. इतक्या जुन्या वैद्यांनीही आधी रोग्याचे तोंड तपासले होते. मी तपासले ते करंजीचे सारण!

गेल्या दिवाळीपर्यंत माझी साखर बरीच खाली आली होती आणि ताकही ताकासारखे लागू लागले होते. वसुबारसेच्या संध्याकाळी ही खोबरे भाजीत असताना मी म्हटले, “त्या दोन वर्षांतल्या करंज्या गोडच होत्या. बिघडली होती माझी जीभ.”

तिचा झारा क्षणभर थांबला. “डॉक्टर म्हणाले?”

“हो. श्रावणातच म्हणाले होते.”

“आणि तुम्ही मला आज सांगताय!” एवढेच म्हणून ती पुन्हा खोबरे हलवू लागली.

थोड्या वेळाने पाणी प्यायला आत गेलो. परातीत सारण कालवणे चालले होते. साखरेचा डबा उघडा होता, तिचा हात डब्यात होता आणि मापाची वाटी फळीवर पालथी पडली होती.

पाडव्याला तिने एक करंजी मोडली. अर्धी माझ्या बशीत ठेवली, अर्धी स्वतः घेतली.

“कशी झालीय?”

मी सावकाश चावली. सांगण्याआधी पुन्हा एकदा जिभेवर घोळवली. “गोड,” मी म्हणालो.

“मग पुरे,” म्हणत तिने डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.